पितरांचा प्रिंटर

प्रिंटर घरघरला आणि खोलीतली चाळीस माणसं एकदम गप्प झाली.

गुरुवारची दुपार होती. अंगणात शेरगाझीची बहीण रायकान मोठ्या कढईत बोरसोक तळत होती. पिठाचे चौकोनी तुकडे तेलात टम्म फुगत होते आणि तो वास उघड्या दारातून आत येत होता. गुरुवारी तेल तापलं की त्या वासाला पितर घरी येतात, हे किर्गिझस्तानातल्या आमच्या कोचकोर गावात कुणाला शिकवावं लागत नाही. गेल्या वसंतापर्यंत ते नुसते येऊन जायचे. आता शेरगाझीच्या घरी ते छापून द्यायला लागले होते.

खोलीत दारासमोरच्या मानाच्या जागी जुनी रंगवलेली संदूक होती. तिच्या अर्ध्या भागावर रजयांची कमरेएवढी चळत आणि उरलेल्या अर्ध्यावर, पांढऱ्या कापडावर, तो प्रिंटर. करड्या रंगाचा, जाडजूड, कडा पिवळ्या पडलेला. खोलीत संगणक नव्हता. फोन दारातच टोपलीत काढून ठेवायचे असत.

"पूर्वी पितर स्वप्नात यायचे," शेरगाझी डोळे मिटून म्हणाला. "आता तुम्हाला झोप कुठे लागते? रात्रभर फोन घेऊन बसता. पितरांनी काय करावं, रांगेत उभं राहावं? म्हणून ते कागदावर उतरले. विज्ञानवाले म्हणतात, तारेशिवाय छापता येत नाही. मी म्हणतो, बरोबर आहे बाबांनो! तुम्हाला नाही येत!"

लोक हसले. कागद अर्धा बाहेर आला, थांबला, मग पुरा आला. शेरगाझीने तो दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला आणि वाचला.

"तेमिर. सारिम्साक. अब्दिल्दा. तिलेके. मोल्दोबाय. एसेन्गुल. बायबोतो."

सात नावं. सात पिढ्यांचे बाप. आमच्यात ज्याला आपले सात बाप सांगता येत नाहीत त्याला लोक अनाथ म्हणतात. पुढच्या रांगेत बसलेला इशेन, नारीन शहराच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवणारा थोराड माणूस, गुडघ्यांवर उभा राहिला. ते त्याचे सात बाप होते.

"कोण बोलतंय, अके?" त्याने विचारलं. शेरगाझीला सगळे अके म्हणत. हा मान आम्ही वडीलधाऱ्यांना देतो आणि कधी कधी फार स्वस्तात देतो.

"तुझी तुरसुनाय बोलतेय," शेरगाझी म्हणाला आणि पुढचं वाचू लागला. "'इशेन, मी सुखात आहे. पोरीच्या गोळ्या बंद कर. ती आजारी नाही, तिला बोलावणं आलं आहे. पुढच्या गुरुवारी तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधून तिला शेरगाझीच्या हवाली कर. नाही केलंस तर मी तिला माझ्याकडे नेईन.'"

तुरसुनाय जाऊन अकरा महिने झाले होते. इशेनने कागद हातात घेतला, त्याची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्याच्या शेजारी त्याची एकोणीस वर्षांची मुलगी कुंदुझ बसली होती. तिने कागदाकडे पाहिलंच नाही. ती प्रिंटरकडे बघत होती, डोकं किंचित कलतं करून, कान देऊन ऐकत असल्यासारखी.

"अके," ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचार, पोरी."

"माझ्या आईने जन्मात कधी सासऱ्याचं नाव घेतलं नाही. आमच्या आजोबांचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. म्हणून ती लोखंडालाही लोखंड म्हणायची नाही. 'काळं जड' म्हणायची. कढई काळ्या जडाची, खिळा काळ्या जडाचा. आणि आता पहिल्याच ओळीत सासऱ्याचं नाव? नवऱ्याचंही?"

खोलीत कुजबुज झाली. सुनेने सासरच्या थोरांचं नाव घ्यायचं नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. शेरगाझीने क्षणभर डोळे उघडले.

"मेल्यावर सासुरवास संपतो, पोरी," तो म्हणाला. "तिथे तरी बिचारीला मोकळं बोलू दे!"

सगळ्या बाया खळखळून हसल्या. काहींनी डोळे पुसले. कुंदुझचा मुद्दा तिथेच मेला आणि इशेनने तिच्या दंडाला धरून तिला खाली बसवलं.

मी हे पाहत होतो, आणि पाहताना मला माझंच नाव दाराजवळच्या भिंतीवर दिसत होतं.

जूनमध्ये आमच्या प्रांताच्या दैनिकासाठी मी या प्रिंटरची पाहणी केली होती. मॉडेलचा क्रमांक टिपून घेतला, माहितीपुस्तिका मिळवली, नारीनच्या दोन दुरुस्तीवाल्यांना विचारलं. प्रिंटर दोन हजार आठ सालचा. त्यात वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. खोलीत संगणक नाही. हे सगळं खरं होतं आणि मी तसंच छापलं. मथळा होता: 'कोचकोरमधील प्रिंटरला बिनतारी सोय नाही, पाहणीत निष्पन्न'. शेरगाझीने ते कात्रण प्लास्टिकमध्ये मढवून दाराशी लावलं. कुणी शंका काढली की तो म्हणायचा, "माझं राहू दे, पेपरवाला काय म्हणतो ते वाच."

प्रिंटरची मागची बाजू मी पाहिली नव्हती. परक्या घरच्या रजयांना हात लावायचा नसतो, संदुकीमागे डोकवायचं नसतं. ते अंथरूण-पांघरूण घराच्या लेकीसुनांचं असतं. त्याला हात लावणं म्हणजे घराच्या अब्रूला हात लावणं. मी शिष्टाचार पाळला आणि अर्धीच पाहणी पुरी म्हणून छापली.

सोमवारी वेनेरा माझ्या कचेरीत आली. नोंदणी कार्यालयाबाहेरच्या टपऱ्यांमध्ये तिची अर्ज आणि भाषांतराची खिडकी आहे. तिच्या शेजारच्या टपरीत कुंदुझ झेरॉक्स काढते, फोटो छापते, काडतुसात शाई भरून देते. दोघींमध्ये एक पातळ लाकडी भिंत.

वेनेरा बसली नाही. "मैराम बाइके, तुम्ही भिंतीवर शोभून दिसता," ती म्हणाली. बाइके म्हणजे दादा. "आता खाली उतरा जरा."

"काय झालं?"

"कुंदुझ पडली. सकाळी, दुकानात. गिऱ्हाइकाचा पासपोर्ट काचेवर ठेवला आणि धाडकन खाली. चार मिनिटं हातपाय झाडत होती. तोंडातून रक्त, जीभ चावलेली. साडेतीन वर्षांत एकदाही पडली नव्हती पोरगी. बापाने गुरुवारपासून गोळ्या बंद केल्यात."

"तिने स्वतः आणायच्या."

"कुठून? नारीनच्या डॉक्टरचा शिक्क्याचा कागद लागतो, महिन्यातून एकदा. या महिन्याचा डबा इशेनने कपाटात ठेवलाय आणि किल्ली खिशात. दवाखान्यातली बाई आत्ताच त्याला सांगून आली, अशा गोळ्या एकदम बंद केल्या तर झटका थांबतच नाही, पोरगी जाईल. तो काय म्हणाला माहितीय? 'तिची आई तिला सांभाळेल.'"

मी कोट चढवला.

कुंदुझ टपरीत स्टुलावर बसली होती. ओठ सुजलेला, शब्द जाड येत होते. पण तिला दयामाया नको होती. तिने टेबलाखालून पत्त्यांच्या जोडाएवढी एक पांढरी प्लास्टिकची डबी बाहेर ओढली.

"हे ओळखता, बाइके?"

"नाही."

"हा आमचा प्रिंटर. जुना आहे. यात वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. पाहणीत निष्पन्न." वेनेरा भिंतीपलीकडून खिदळली. "याची यूएसबी तार संगणकात न लावता या डबीत लावायची. डबीची दुसरी तार राउटरला. झालं. आता या वायफायवर जो कुणी असेल त्याला हा प्रिंटर आपल्या संगणकाला लावल्यासारखा दिसतो. बिनतारी सोय प्रिंटरमध्ये नसली तरी चालते. डबीमुळे ती अख्ख्या घरात येते. वेनेराताई तिथून छापते, मी इथून."

"मग शेरगाझीकडे..."

"थांबा. एक अडचण आहे, तीच कामाची आहे. एका वेळी एकच जण धरू शकतो. तिने धरला की मला मिळत नाही. आम्ही दिवसभर भिंतीतून ओरडत असतो."

तिने मान वळवून हाक मारली, "वेनेराताई, सोड!"

"सोडला!" पलीकडून आवाज आला.

कुंदुझने बटण दाबलं. झोपलेला प्रिंटर आतल्या आत एकदा करकरला, त्याचा दिवा दोनदा लुकलुकला आणि तो शांत झाला. कागद आलाच नव्हता.

"ऐकलंत? हा धरल्याचा आवाज. कुणीतरी धरलं की हा असा जागा होतो. मी दिवसातून पन्नासदा ऐकते. गुरुवारी शेरगाझीने डोळे मिटले, आणि पितर यायच्या आधी त्याचा प्रिंटर अस्साच करकरला. माझ्या आईने धरला नव्हता तो, बाइके. आईला टीव्हीचं रिमोट धरता येत नव्हतं."

"बापाला सांगितलंस?"

"सांगितलं. तो म्हणतो, तू आजारी आहेस, तुला आवाज ऐकू येतात." ती हसली आणि ओठ दुखला म्हणून थांबली. "मी गुरुवारी पळून जाणार नाही. पळाले तर मी वेडी ठरेन, आणि तो उद्या दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या गोळ्या बंद करेल. मला ती डबी सगळ्यांदेखत बाहेर काढायची आहे. आणि गोळी मला बाबांच्या हातून हवी आहे."

"तीन दिवस तरी थांबायचं? तेवढ्यात पुन्हा झटका आला तर?"

"दवाखान्यातल्या बाईने सध्यापुरतं काहीतरी दिलंय. फार दिवस पुरायचं नाही म्हणाली. म्हणून तर घाई."

हातात पुरावा हवा होता, नुसता कान नव्हे. तो बुधवारी आपणहून चालत आला. पांढऱ्या रुमालाची तयारी म्हणून कुंदुझला शेरगाझीच्या घरी भांडी घासायला बोलावलं. रायकान बोलघेवडी बाई. सत्राच्या दिवशी अंगणात चहा तीच द्यायची, आणि प्रत्येकाला हसतमुखाने विचारायची, "कुणाची गं तू? सात बाप कोण तुझे?" हे विचारणं इथली रीत आहे आणि न सांगणं उद्धटपणा. प्रत्येक जण तिला सातही नावं घडाघडा म्हणून दाखवायचा, वर घरात कोण गेलं तेही सांगायचा. अर्ध्या तासाने तीच नावं कागदावर आली की तोच माणूस रडायचा. चहाच्या किटलीपाशी आपण काय बोललो, हे एकालाही आठवलं नव्हतं. रोज देतो ती ओळख कुणी चोरू शकतं, हे आमच्या मनातच येत नाही.

त्या दिवशी रायकानने ओले हात पुसत फोन पुढे केला. "पोरी, तू संगणकवाली ना? माझी मालिका बघ कशी गोल गोल फिरतेय. पुन्हा लावून दे ना ते वायफाय."

"पासवर्ड?"

"तो फ्रिजवर चिकटवलाय. जुमाश रोज विसरतो."

जुमाश म्हणजे रायकानचा नवरा, मितभाषी माणूस. सत्राच्या वेळी तो कुणाला दिसत नसे. कुंदुझने मालिका लावून दिली आणि पासवर्ड पाठ केला. मागच्या खोलीत तिला राउटर दिसला. त्यातून एक तार निघून भिंतीच्या भोकात जात होती. भिंतीपलीकडे संदूक होती.

गुरुवारी अडीच वाजता वेनेराने आपली हिरवी गाडी शेरगाझीच्या कुंपणाला अगदी टेकवून उभी केली आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन कुंदुझने दिलेल्या पासवर्डने तो घरच्या वायफायला जोडला. ठरलं एवढंच होतं: जुमाश जागेवर बसायच्या आत प्रिंटर धरायचा, काही झालं तरी सोडायचा नाही, आणि सव्वातीनला छापायचं.

मी फोन टोपलीत ठेवून आत गेलो. त्या दिवशी साठेक माणसं होती. कुंदुझ मधोमध बसली होती. पांढरा रुमाल तिच्यासमोर घडी करून ठेवलेला. इशेन तिच्या मागे. त्याने दाढी केली होती आणि त्याचे डोळे लाल होते.

"आज एक पोर पितरांच्या सेवेत येते आहे," शेरगाझीने सुरुवात केली. "गोळ्यांनी तिची वाट अडवली होती. डॉक्टर काय करतात? देव बोलायला लागला की तोंडात गोळी कोंबतात!"

"अके," कुंदुझ म्हणाली, "रुमाल बांधण्याआधी आईचा निरोप घेऊ द्या. तिला म्हणावं, फक्त एक ओळ लिही."

"घे ना. आईच आहे तुझी." त्याने डोळे मिटले, तळहात वर केले. "ये, तुरसुनाय. सातांच्या वाटेने ये."

प्रिंटर गप्प.

"ये, तुरसुनाय."

काहीच नाही. दिवासुद्धा लुकलुकला नाही. अंगणात तेल चुरचुरत होतं. कुणीतरी खोकलं. शेरगाझीने एक डोळा उघडला, मग दुसरा.

"इथे कुणीतरी अविश्वासू बसला आहे," तो म्हणाला आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. "पितर रुसले आहेत."

"मागच्या वेळीही बाइके इथेच होते," कुंदुझ म्हणाली. "तेव्हा नाही रुसले?"

मागच्या खोलीचं दार किंचित उघडलं आणि जुमाशचा चेहरा दिसला, घामाने डबडबलेला. तो हलक्या आवाजात बोलला, पण खोली इतकी शांत होती की शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

"कुणीतरी धरून ठेवलंय. सुटत नाहीये."

बाया मागे सरकल्या. एकीने पोराला पोटाशी घेतलं.

"काय धरून ठेवलंय, जुमाश काका?" कुंदुझने विचारलं. "नाव दिसत असेल ना पडद्यावर. वाचा की मोठ्याने."

जुमाशने दार लावून घेतलं. आणि तेवढ्यात प्रिंटर चालू झाला.

शेरगाझीने झडप घालून कागद ओढला, वाचला आणि मुठीत चुरगळला. "हा पितरांचा कोप आहे. वाचण्यासारखा नाही."

"माझ्या म्हाताऱ्याने मला 'म्हशी' लिहिलं होतं, ते वाचलंत की सगळ्यांसमोर!" पुढच्या रांगेतून साकिश आजी म्हणाली. ऐंशीला टेकलेली, जीभ मात्र तिखट. ती काठीवर भार देऊन उठली. "आण इकडे. मी घाबरत नाही कुणाला. आता माझंच पितर व्हायचं वय झालंय."

तिने त्याच्या मुठीतून कागद अक्षरशः काढून घेतला, चष्मा लावला आणि एकेक शब्द वाचला.

"'मी वेनेरा. अर्ज आणि भाषांतराची खिडकी. मी मेलेली नाही. तुमच्या कुंपणाबाहेर हिरव्या गाडीत बसले आहे. कुंदुझच्या गोळ्या परत द्या.'"

कुंदुझ उठली आणि तिने खिडकी सताड उघडली.

"वेनेराताई! साकिश आजीचं नाव छाप!"

"कसं लिहू? नुसतं साकिश की आजी पण?" बाहेरून आवाज आला.

"आजी पण लिही गं!" म्हातारी ओरडली.

प्रिंटर घरघरला. साकिश आजीने कागद उचलून डोक्यावर धरला आणि सगळीकडे फिरवला. त्यावर मोठ्या अक्षरांत तिचं नाव होतं.

मग गोंधळ माजला. कुणी हसत होतं, कुणी शिव्या देत होतं, एक बाई "खोटं आहे, खोटं आहे," म्हणत कान झाकून बसली होती. शेरगाझी रजयांच्या चळतीला पाठ लावून उभा राहिला. "माझ्या घरच्या पांघरुणाला कुणी हात लावला तर त्याच्या सात पिढ्या..."

"माझे सात बाप तू मागच्या आठवड्यात मोजलेसच," इशेन म्हणाला. "सर बाजूला."

शेरगाझी सरला. इशेनसमोर बहुतेक जण सरले असते. इशेनने रजया ओढून फेकल्या नाहीत. घडी न मोडता एकेक उचलली आणि शेजारच्या बाईच्या हातात दिली. बाया रांगेने ती पुढे देत गेल्या. प्रिंटर त्याने जमिनीवर उतरवला, तशी त्याच्या मागची आखूड तार ताणली गेली आणि संदुकीच्या मागच्या फळीतल्या भोकात शिरताना सगळ्यांना दिसली. त्याने झाकण उघडलं.

आत पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी. तिच्यावर हिरवा दिवा.

कुंदुझने ती बाहेर काढून तळहातावर ठेवली आणि टपरीत मला सांगितलं होतं तेच साध्या शब्दांत सगळ्यांना सांगितलं. प्रिंटरची तार डबीत, डबीची तार भिंतीतून राउटरला, राउटरपाशी जुमाश काका. ज्याच्याकडे घराचा पासवर्ड तो पितर. "आणि सात बाप? तुम्हीच सांगितलेत, अंगणात, रायकान काकूला. चहा पिता पिता."

"ते तर आपण सगळ्यांनाच सांगतो!" कुणीतरी म्हणालं.

"हो ना," कुंदुझ म्हणाली.

शेरगाझी सावरला होता. असले लोक लवकर सावरतात. "मूर्खांनो," तो गरजला, "पितरांना कोणतंही साधन चालतं! पूर्वी ते घोड्याच्या तोंडून बोलायचे, आज डबीतून बोलतात. डबी आहे म्हणून ते नाहीत असं कुठे ठरतं?"

दहाबारा माना डोलल्या. मला वाटलं, झालं, हा यातूनही निसटतो.

इशेनने वाकून डबीतून प्रिंटरची तार उपटली. ती तो बोटांत धरून उभा राहिला.

"बरं," तो म्हणाला. "डबी काढली. वीज चालू आहे, कागद आहे, शाई आहे. आता बोलाव तिला. मला एक शब्द पुरेल, अके. माझी बायको आहे, अकरा महिने झाले, एक शब्द. बोलाव."

शेरगाझीने हात वर केले नाहीत. साठ माणसं त्या प्रिंटरकडे बघत उभी होती. मी घड्याळ पाहिलं. पूर्ण पाच मिनिटं कुणी हललं नाही. त्या पाच मिनिटांत कोचकोरमध्ये जे घडलं ते मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं: लोक थांबून वाट पाहत होते आणि काहीही होत नव्हतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासत होते.

इशेनने खिशातून तो घडी घातलेला कागद काढला. "तीस वर्षांत तिने माझ्या बापाचं नाव घेतलं नाही," तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "पोरीने पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ऐकायचंच नव्हतं. मला वाटलं, नाव घेऊन का होईना, बोलतेय तरी."

कुंदुझने त्याच्या हातातून कागद घेतला नाही. फाड असंही म्हणाली नाही. "बाबा, किल्ली," एवढंच म्हणाली.

"खिशात आहे."

"मग चला."

तो निघाला. दारात साकिश आजीने पांढरा रुमाल उचलून त्यात बोरसोक बांधून घेतले. "तळलेत, तर वाया कशाला घालवायचे," ती म्हणाली. "वासाला येणारे पितर यापुढे माझ्या घरी येऊ देत. माझ्याकडे वायफाय नाही."

मी आणि वेनेरा गाडीतून इशेनच्या घरी गेलो. त्याने कपाट उघडलं, डबा काढला आणि डोस पाहायला चष्मा शोधू लागला. कुंदुझने पाण्याचा पेला खाली ठेवून त्याला खुर्चीवर बसवलं. गोळी मात्र त्यालाच काढू दिली. त्याने ती तिच्या तळहातावर ठेवली, तिने गिळली, आणि तो बराच वेळ तिच्या गळ्याकडे बघत राहिला. गोळी खरंच खाली उतरली की नाही, याची जणू खात्री करून घेत होता. संध्याकाळीच तो तिला गाडीत घालून नारीनच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

पुढच्या गुरुवारी शेरगाझीच्या अंगणात नऊ माणसं आली होती. मी मोजली. आता तो पाण्यात बघतो असं ऐकतो. असे लोक संपत नाहीत, साधन बदलतात. मी माझ्या जूनच्या बातमीची दुरुस्ती छापली, पहिल्या पानावर, होती त्याच मापात, आणि तिच्याखाली डबीचं चित्र.

लोक अजून मला अडवून विचारतात, मग पितर नसतातच का? तो प्रश्न माझा नाही. ज्याला आपल्या मेलेल्या माणसासाठी तेल तापवायचं आहे, त्याने तापवावं. त्यात कुणाचा जीव जात नाही. माझा प्रश्न त्याहून लहान आहे आणि तो प्रत्येकाला विचारता येतो. चमत्कार दाखवणारा माणूस तुम्हाला काय पाहू देतो आणि काय पाहू देत नाही? तुमच्याबद्दल त्याला जे कळलं, ते तुम्ही आधी कुणाला सांगितलं होतं? एक वस्तू काढून घेतली तर चमत्कार चालू राहतो की थांबतो? हे विचारायला शिक्षण लागत नाही. भीड मोडावी लागते. ती मोडायला मला चार महिने लागले आणि एका पोरीला झटका सोसावा लागला.

म्हणून कुणी तुमच्या घरातलं औषध बंद करायला सांगितलं, तर तो कोणाच्या नावाने बोलतो आहे याला भुलू नका. त्याला म्हणा, मला मागची बाजू पाहायची आहे. तो नाही म्हणाला तर उठा, घरी जा, आणि औषध वेळेवर द्या.